तो पानी प्याला का न्हाई

माझं मूळ गाव श्रीगोंद्याच्या अंगाला. गावाचं नाव नका लिवू, आता तिथं आमचं कोन ऱ्हायलं न्हाई, दोन भिती आन एक चिंच हाय म्हनत्यात. आज्या म्हारवाड्यातला, गावकीची कामं करायचा, मंग मिशनच्या मानसांची वळख झाली आन त्यानं धर्म घेतला. का घेतला, तर कोन म्हनतं दुष्काळात भाकर मिळाली म्हून, कोन म्हनतं सायबानं त्याच्या जखमंला आपल्या हातानं पट्टी बांधली म्हून. मी ल्हानपनी त्यालाच इचारलं हुतं. तर तो म्हनला, पोरी, मला बसायला खुर्ची दिली, आन एकदा बसलो ते परत खाली बसावं वाटंना. आता ह्याला कुनाला काय म्हनायचं ते म्हनू दे, मला ही गोष्ट लई आवडती.

मला पहिल्यापास्नं हीच खोड, इचारायची. आई म्हनायची, सुशे, तुला देवानं तोंड दिलं ते खायाला न्हाई, इचारायलाच दिलंय. नवरा मिळायचा न्हाई तुला. मिळाला पन, चांगला मिळाला, तोबी मास्तरच. पन ते ऱ्हाऊ द्या, तुमी शाळंचं इचारलं न्हवं का, मी आशीच वाहवत जाती.

तर माझा बाप. बाप मिशनच्या शाळंत मास्तर, आन कीर्तन करायचा. तुमाला ख्रिस्ती कीर्तन ठावं हाय का? आपल्या नगर जिल्ह्यात लई. तसंच मृदंग, तशीच झांज, तसाच मधी उभा ऱ्हानारा बुवा, फकस्त कथा येशूची. बापाच्या कीर्तनाला म्हारवाडाच न्हाई, आख्खं गाव यायचं, लांब बसायचं पन यायचं. त्याची सगळ्यात गाजलेली कथा म्हंजी शोमरोनच्या बाईची. तुमाला म्हनून सांगते, न्हाईतर पुढचं ध्यानात यायचं न्हाई. येशू पायी चालून चालून दमला, दुपारचं टळटळीत ऊन, तो एका इहिरीच्या कडंला बसला. तिथं शोमरोनची एक बाई पानी न्यायला आली. येशू यहुदी, आन यहुदी लोकं शोमरोन्यांला हलकं समजायची, त्यांच्या भांड्याला शिवायची न्हाईत. आन हा तिला म्हनतो, बाई, मला पानी दे. ती चाट पडती. म्हनती, तू यहुदी आसून माझ्याकडं पानी मागतोस? तिथनं त्या दोघांचं बोलनं चालू हुतं, ते लई लांब जातं. तर माझा बाप हितं आला की मृदंग थांबवायचा, आन दोन्ही हाताची वंजळ करून घटाघटा पानी प्यायल्यागत करायचा, आन खांद्यावरच्या उपरन्यानं तोंड पुसायचा. एवढंच. लोकं रडायची हो. म्हातारी मानसं हुंदके देऊन रडायची. काय सांगू तुमाला, मी ल्हान हुते, मला वाटायचं पानी प्याला त्यात रडायचं काय.

मी शिकले बोर्डिंगातच, मंग मास्तरीनीचा कोर्स केला नगरला, आन पारनेरच्या बाजूला एका गावात मिशनचं हायस्कूल हुतं तिथं लागले. मराठी शिकवायची, आन शास्त्राचा तास. शास्त्राचा तास म्हंजी बायबल. आठवीपास्नं आकरावीपोत्तर. आता शाळंत समद्या जातीची पोरं. ख्रिस्ती पोरं बोर्डिंगात ऱ्हानारी, बाकी आजूबाजूच्या वस्त्यांवरची मराठ्यांची, माळ्यांची, दोन-तीन मुसलमानांची. हा तास सक्तीचा न्हवता. ज्याला बसायचं न्हाई त्यानं त्या टायमाला सूत कातायला जायचं, आसा नियम. तर सूत कातायला कोनच जायचं न्हाई. माझी लई हुशारी म्हून न्हाई हं, टकळी फिरवून फिरवून बोटं दुखायची म्हून. आन गोष्ट कुनाला नको आसती?

माझी शिकवायची रीत आशी की मी पुस्तक मिटून गोष्ट सांगायची, मंग पोरांनी इचारायचं. काय बी इचारायचं. नोहाच्या तारवात, म्हंजी पुरातनं जनावरं वाचवली त्या जहाजात, शेन कोन काढत हुतं, हे बी एका पोरानं इचारलं. मुसलमानाची एक पोरगी हुती, ती म्हनायची बाई, आमच्या घरी ही गोष्ट जरा येगळी सांगत्यात. मंग मी म्हनायची, सांग की तुमच्या घरची. हेडमास्तर एकदा म्हनले, बाई, तुमचा तास हाय का चावडी? पन ते बी खिडकीपाशी उभं ऱ्हाऊन ऐकायचे, मला ठावं हुतं.

आता त्या सालाचं सांगते. तो दुष्काळ तुमी ऐकून आसाल, बाहात्तरचा. पयल्या साली पाऊस कमी, दुसऱ्या साली न्हाईच. मानसं खडी फोडायला जायची, अमेरिकंची लाल मिलो जवारी खायाची. बोर्डिंगाची इहीर दिवाळीनंतर तळाला गेली, आन संक्रांतीला तर तळाच्या चिखलात बेडूक बी ऱ्हायले न्हाईत. हेडमास्तर म्हनले, पान्याची सोय झाली न्हाई तर बोर्डिंग बंद करावं लागंल, पोरं घरी धाडावी लागतील. माझ्याकडं पोरींचं बोर्डिंग हुतं. मला ठावं हुतं, घरी गेली म्हंजी ह्या पोरी खडीवर जातील, आन खडीवरनं नवऱ्याच्या घरी जातील, शाळंत माघारी एक बी यायची न्हाई. मला सांगा, नववीत गेलेली पोरगी, तिला आता वाचायची गोडी लागलेली, तिला पान्यापायी माघारी धाडायची?

गावात पानी ऱ्हायलेलं एकाच इहिरीला. तात्यांच्या. तात्या म्हंजी गावातले मोठे बागायतदार, मराठा मानूस, मिशा पांढऱ्या, बोलायला फटकळ, पन कथा-कीर्तनाचा लई नाद. हेडमास्तर आन मी त्यांच्याकडं गेलो. वट्यावर बसले हुते. आमाला बसा म्हनले, हेडमास्तरला घोंगडी टाकली. मी उभीच ऱ्हायले, मला बसा म्हनलं का न्हाई ते मला नीट कळलं न्हाई, म्हून. तात्या म्हनले, पानी देतो, पोरांचं पानी कोन तोडील. पन आमच्या गड्याच्या हातनं घ्या.

म्हंजी काय, तर गडी इहिरीवर पोहरा शेंदनार, आन वरनं पानी वाढनार. आमच्या पोरींनी खालच्या फरशीवर हंडे ठिवायचे, मागं सरायचं, त्यानं वरनं धार धरायची. पोहऱ्याला शिवायचं न्हाई, कठड्यावर चढायचं न्हाई. कायदा काय म्हनतो ते त्यांलाबी ठावं हुतं, मलाबी ठावं हुतं. पन पानी त्यांच्याकडं हुतं आन पोरी माझ्याकडं हुत्या. मी व्हय म्हनले. तुमी आसता तर काय केलं आसतं?

तात्यांची धाकटी लेक इंदू माझ्याच नववीच्या वर्गात. काळीसावळी, उंच, दोन वेण्या, आन हिशेबी डोकं. हुशार म्हनन्यापरीस, तिला उगी काय पटायचं न्हाई. त्या दिवसात, पोरी सकाळी पानी आनून दमून वर्गात बसल्यात आन मी शोमरोनच्या बाईची गोष्ट घेतली. मुद्दाम घेतली का आसं इचाराल तर, त्या वर्षीच्या धड्यातच ती हुती, पन मी ती जरा आदीच घेतली, हे खरं. मी बापासारखीच सांगितली. पुस्तक मिटून. आन येशू पानी प्याला, तोंड पुसलं, आसं समदं.

मंग इंदू उठली. बाई, यहुदी म्हंजी आमच्यासारखे का? मी म्हनलं, तुला काय वाटतं? ती म्हनली, आमच्यासारखेच. मंग तिनं पुढ्यातलं शास्त्र उघडलं, बोट फिरवत फिरवत वाचलं, आन म्हनली, बाई, तो पानी प्याला आसं हितं कुठं लिवलंय?

मी म्हनलं, आगं आसंल तिथंच, खाली बघ. ती म्हनली, न्हाई बाई. त्यानं पानी मागितलं, ती का मागतोस म्हनली, मंग त्यांचं बोलनं झालं, ती गावात पळाली, आन ह्याचे शिष्य भाकर घिऊन आले तर हा म्हनतो मला भाकर नको. पानी कुठं प्याला?

मी पुस्तक घेतलं. आख्खा अध्याय वाचला, तिथंच, उभ्या उभ्या. न्हाईच हो. कुठंच न्हाई. मी जल्मापास्नं ती गोष्ट ऐकत आलेली, परीक्षेला लिवलेली, शिकवलेली, आन त्यात मानूस पानीच प्याला न्हाई! म्हंजी प्याला न्हाई आसंबी लिवलं न्हाई. लिवायचंच सोडलंय. मी पोरांला म्हनलं, मला ठावं न्हाई, मी इचारून सांगते. इंदू म्हनली, मंग प्याला न्हाई आसंच धरायचं का? मी म्हनलं, काहीच धरू नकोस.

त्या रातभर माझ्या मनात तेच. भर दुपारी दमलेला मानूस पानी मागतो, आन पुढं त्याला मिळालं का न्हाई ते कुनी सांगत न्हाई. आसं कसं?

रविवारी मी चर्चच्या पाळकसायबांला गाठलं. ते लई चांगले, पन त्यांचं समदं आत्म्याकडं. म्हनले, सुशीलाबाई, त्या पान्यावर आडकू नका, प्रभू तिथं जीवनाच्या पान्याविषयी बोलतोय, बाईला पुन्हा तहान लागनार न्हाई आसं पानी. मी म्हनलं, ते मला ठावं हाय सायेब, पन हे साधं पानी, ते? ते हसले. म्हनले, साध्या पान्याचं शास्त्रात महत्त्व न्हाई. पन माझ्या पोरी सकाळी उठून त्या साध्या पान्यासाठी फरशीवर उभ्या ऱ्हात्यात, त्यांला हे कसं सांगू?

मंग सुट्टी बघून बापाकडं गेले. बाप तवा म्हातारा झालेला, डोळ्याला कमी दिसायचं, पन आवाज तसाच खनखनीत. मी म्हनलं, आबा, येशू पानी प्याला आसं लिवलं न्हाई. बाप म्हनला, लिवलं न्हाई? म्हनलं, न्हाई. मंग म्हनला, लिवायचं ऱ्हायलं आसंल.

मला हसू बी आलं आन राग बी. मी म्हनलं, आबा, तुमी मंग कसं सांगत हुता? तर म्हनला, सुशे, आगं समोर येवढी लोकं बसल्यात, त्यात तिकडं लांब वरच्या आळीची, आन हिकडं आपली. मी येशूला इहिरीवर आनून बसवलाय, पानी मागायला लावलंय. आता त्याला तसाच तहानलेला ठिवून पुढं जाऊ का? माझ्यानं व्हईना. मी त्याला पाजलं.

आसा माझा बाप. त्याला जल्मात कुनी वरच्या आळीच्या मानसानं पानी मागितलं न्हवतं. मला तवा कळलं लोकं का रडायची ते. मी तिथंच, चुलीपुढं बसून रडले, आन बाप म्हनतो, काय झालं, धूर लागला का?

माघारी आले तर वेगळीच गंमत. इंदूनं घरी सांगितलेलं. सकाळी मी पोरींबरूबर पान्याला गेले, तर तात्या इहिरीवर उभे. म्हनले, बाई, इंदी म्हनती तुमच्या देवानं पानी मागितलं, आन पुढं काय झालं ते तुमालाच ठावं न्हाई. मी म्हनलं, व्हय तात्या. तात्या म्हनले, आसली कसली कथा? आमच्या बुवानं आसं मधीच सोडलं तर त्याला बिदागी द्यायची न्हाई आमी. आन मंग रोज इचारायचे. गडी वरनं धार धरतोय, पोरी खाली हंडे सारत्यात, आन तात्या कठड्याला टेकून म्हनायचे, काय बाई, लागला का तपास? मी म्हनायची, न्हाई तात्या, आजून न्हाई. त्यांला त्यात वाईट वाटायचं काही न्हाई बरं का. गोष्टीतल्या यहुद्यांसारखंच आपुनबी वरनं धार धरतोय, हे त्यांच्या मनात आलं का न्हाई, देव जाने. का आलं हुतं म्हूनच रोज इचारत हुते?

एक दिवस तेच म्हनले, त्याच्याकडं पोहरा हुता का? मी म्हनलं, न्हाई, ती बाई त्याला म्हनती बी तसं, की तुझ्याकडं शेंदायला काही न्हाई आन इहीर खोल. तात्या मिशीवर हात फिरवत म्हनले, म्हंजी तिच्या हातनंच घ्यावं लागनार. आवघड हाय. आन निघून गेले.

वर्गात इंदूनंच तोडगा काढला. शास्त्राच्या तासाला हात वर केला, म्हनली, बाई, मला कळलं. हितं लिवलंय की बाई आपली घागर तिथंच ठिवून गावात गेली. आता बघा, रिकामी घागर कुनी इहिरीवर ठिवून जातं का? मंग आली कशाला हुती? तिनं भरली. भरली आन ठिवून गेली. कुनासाठी ठिवली? तिथं दुसरं कोन हुतं?

एक पोरगा म्हनला, इसरली आसंल घाईत. तर इंदू त्याच्यावर वसकन गेली, तू कवा पानी आनलंयस का रं? घागर इसरत न्हाई बाई. पोरी समद्या हसल्या, ख्रिस्ती काय आन मराठ्यांच्या काय, कारन समद्याच पानी आननाऱ्या. मंग इंदू म्हनली, तिनं वरनं वाढलं न्हाई बाई. घागरच त्याच्या हवाली केली. प्यायचं तर पी, न्हाईतर ठिव.

मला ते लई पटलं. बरूबर का चूक, ते मी आज बी सांगू शकत न्हाई. पन मी तिला म्हनलं, मला आजवर कुनी हे सांगितलं न्हवतं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात गडी गेला. खडीच्या कामावर गेला, तिथं रोज धान्य मिळायचं, तात्यांच्या शेतात आता काय काम उरलं हुतं? पानी हाय, पोहरा हाय, पन वाढायला मानूस न्हाई. पोरी हंडे घिऊन उन्हात उभ्या. दोन दिवस तात्यांनी सोता शेंदलं, तिसऱ्या दिवशी त्यांची पाठ धरली. मंग इंदू यायला लागली, शाळंच्या आदी. पंधरा-सोळा वर्साची पोरगी, ती किती शेंदनार? हाताला फोड आले. आमाला मिळनारं पानी निम्म्यावर आलं. बोर्डिंगात भांडी राखंनं घासायची, आंघोळ बंद, वरनं पोरी आजारी पडायला लागल्या. हेडमास्तर म्हनले, बाई, सोमवारी निरोप धाडू घरोघर. मी म्हनलं, धाडा. दुसरं काय म्हननार.

शनिवारची गोष्ट. सकाळची शाळा, सुटल्यावर पुन्हा पान्याला गेलो, दुपारच झाली हुती. इंदू शेंदत हुती. तेवढ्यात तिचा चुलता आला बांधावरनं. लांबनंच वरडला, इंदे, घरी चल. घोड्यायेवढी झालीस, ह्या लोकांला पानी वाढायला तूच ऱ्हायलीस का? उद्या पावनं बघायला येतील, त्यांनी हे बघितलं तर काय सांगू? आन आमाला म्हनला, आज घेतलं तेवढं बास, उद्यापास्नं दुसरं बघा.

तात्या तिथंच, लिंबाखाली पाठ धरून बसलेले. भाऊबंदकी आसती, मानसाला सगळ्यांसमोर भावाला तोडता येत न्हाई.

इंदूची सोताची घागर बरूबर आनलेली आसायची, घरच्या पान्याची. तांब्याची, तिच्या आईच्या लग्नातली, गळ्यावर नाव घातलेलं. तिनं पोहरा सोडला, पानी वडलं, ती घागर तोंडापोत्तर भरली. मंग ती उचलली, आन आमच्या फरशीवर आनून ठिवली, आमच्या हंड्यांच्या मधी. पोहरा दोरासकट तिच्याजवळ ठिवला. आन पदर न्हवता तर ओढनीनं हात पुसत, चुलत्याच्या पुढनं घरी निघून गेली. मागं वळून बघितलं न्हाई.

माझ्या पोरींनी माझ्याकडं बघितलं. त्यांला समद्यांला कळलं ना, वर्गात हुत्या त्या. एकजन हळूच म्हनली, बाई, शिवायचं का?

आता काय सांगू तुमाला. तात्या बघतायत, चुलता बघतोय. शिवले आन ह्यांचं डोकं फिरलं, तर ही बी इहीर गेली, सोमवारची वाट बघायची बी गरज न्हाई. न शिवता माघारी गेले, तर त्या पोरीनं जे केलं ते मातीत गेलं. आन माझा घसा उन्हानं कोरडा पडलेला. मी खाली वाकले, घागर दोन्ही हातानं उचलली, तोंडाला लावली आन प्याले. घटाघटा. गळ्यावरनं, चोळीवरनं पानी सांडलं. मंग म्हनलं, प्या गं.

चुलता काहीतरी बोलला, ते मी हितं सांगत न्हाई. तात्या उठले. पाठीला हात लावून हळूहळू आले. घागरीकडं बघितलं, तिच्यावरच्या नावाकडं बघितलं. मंग म्हनले, ती घागर आता शाळंची. पोहरा बी न्या. इहिरीवर येताना आपला आपला आनायचा.

बास. आन गेले.

आपला पोहरा आनायचा म्हंजी काय, आपुन शेंदायचं. सोमवारी निरोप गेले न्हाईत. पोरींनी कठड्यावर चढून सोताच्या हातानं पानी वडलं, जूनपोत्तर. बोर्डिंग बंद पडलं न्हाई. त्यातल्या पाच-सहाजनी पुढं नर्सा झाल्या, मास्तरनी झाल्या. कुनी तरी कवा तरी येऊन भेटत्यात.

पन माझं डोकं बघा कसं हाय. मला त्या दिवसापास्नं एकच. ती घागर शाळंची म्हनले, ती दिली का टाकली? आमी शिवलो म्हून ती घरात न्यायची न्हवती, म्हून शाळंची? का लेकीनं दिली, तर बापानं बी मनापास्नं दिली? दोन्ही एकाच वाक्यात बसतंय की हो. कधी वाटायचं, केवढा मोठा मानूस. कधी रातचं जाग आली की वाटायचं, बाटली म्हून टाकली, आन आपुन त्यावर उपकार मानत बसलोय. इंदूला इचारलं, तर ती म्हनली, बाई, घरात माझ्यापुढं त्यावर कोन बोललंच न्हाई. आईनं दुसरी घागर घेतली, मातीची.

इंदू मॅट्रिक झाली, शाळंतनं पयली. पुढं श्रीगोंद्याकडं दिली, ऊसवाल्यांच्यात.

लई वर्सांनी, माझी बदली झालेली, मी मुद्दाम तात्यांला भेटायला गेले. म्हातारे, वट्यावरच. या वेळंला मला घोंगडी टाकायला लावली. मी बसले, आन सरळ इचारलं. मला राहवतच न्हाई ना. म्हनलं, तात्या, ती घागर तुमी दिली का टाकली?

तात्यांनी मिशीला हात लावला. म्हनले, बाई, भावाला त्या राती मी सांगितलं, बाटली, टाकून दिली. म्हून तो गप बसला. इंदीच्या आईला सांगितलं, दिली, दान केली. म्हून ती रडायची थांबली.

मी म्हनलं, आन खरं काय?

तात्या म्हनले, खरं सांगू? मला त्या टायमाला ठावं न्हवतं. तोंडातनं शाळंची म्हून निघालं, ते निघालं. मंग मी मलाच लई दिवस इचारलं. तुमच्या पुस्तकात लिवलं न्हाई ना, तसंच हाय माझं.

मला राग आला. वाटलं, येवढी वर्सं मी ह्या मानसासाठी प्रार्थना करत आले, आन ह्याला सोताचंच ठावं न्हाई. उठले, राम राम म्हनले, एस्टीला येऊन उभी ऱ्हायले. एस्टी उशिरा आली. उभ्या उभ्या माझ्या मनात आलं, सुशे, तू तरी पानी प्याली तवा काय ठरवून प्याली हुतीस? धीट म्हून प्याली, का शास्त्र म्हून, का नुसती तहान? मला सांगता येईना. मंग राग उतरला. बरं खोटं बोलला आसता, दिली म्हनला आसता, तर मी सुखानं घरी आले आसते, आन मला तो मानूस कवाच कळला नसता.

आता तात्या न्हाईत. मी हितं नगरला लेकीकडं, गुडघे गेलेत, नळाला दिवसाआड पानी येतं. रविवारी चर्चमधी पोरांचा वर्ग घेती आजून. ही गोष्ट आली की बापासारखी सांगत न्हाई, आन इंदूसारखी बी न्हाई. लिवलंय तेवढीच सांगते, आन पोरांला इचारते, काय झालं आसंल? परवा एक चिमुरडी म्हनली, टीचर, ती बाई माघारी येईपर्यंत तो घागर राखत बसला आसंल. मी तर आवाकच झाले. येवढी वर्सं झाली, माझ्या मनात हे कवा आलं न्हाई. जे कोन पानी देतं आन जे कोन मागतं, त्या समद्यांचं देव भलं करो. आजून काय काय निघंल त्या गोष्टीतनं, ते ऐकायला, देवा, मला जरा जास्त दिवस दे, येवढंच मी मागती.